बुधवारच्या बाटल्या

कुरुळी, ९ मार्च २०२५

स्वरूपा,

पाकिटावर तुझ्या आईचं, काकूंचं नाव घातलंय, कारण तुझं घातलं असतं तर तू ते न फोडताच परत पाठवलं असतंस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला सात वर्षं होत आली. कुरुळीहून दिघीला पत्र लिहिणारी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. उमरला गॅरेजचं सामान आणायला भोसरीला जावंच लागतं, जाता जाता तो देऊन येईल. 'एवढ्या जवळ राहते तर जाऊन भेट की,' असं तो म्हणाला. मी म्हटलं, नवरोबा, तुम्ही गाड्या दुरुस्त करा.

तू आजारी आहेस हे मला परवा कळलं, तेही मोशीच्या बाजारात. आपल्या बॅचची एक भेटली. पोटात गाठ आहे, पसरलीय, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, हे सगळं तिनं कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत सांगितलं. मला तिचा इतका राग आला की भाजी न घेताच परत फिरले. रस्ताभर तुझाही राग येत होता. रोजे चालू आहेत, त्यामुळे तोंडात शिव्याही घेता येत नाहीत.

काय लिहू? बरी हो म्हणायला तू काही लहान नाहीस. मला तुला भेटायचंय. काकूंच्या हाती हो किंवा नाही एवढं कळव. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही असं लिहिणार होते, पण रागावेन.

जमिला


कुरुळी, २३ मार्च

स्वरूपा,

तुझी चिठ्ठी उमरनं आणून दिली. 'दया नको. भेटायला येऊ नकोस. माझे आकडे त्यानंतर कुणी पुन्हा मोजले का, तेवढं सांग.' अक्षर पार बदललंय, पण बोलणं तेच. वाचून मला रडायला आलं आणि थोडं हसूही आलं. सात वर्षांनी मैत्रिणीला विचारलंस काय, तर हे.

उत्तर असं की नाही, कुणीही मोजले नाहीत. सरांनी ते मिश्रणच बाद केलं, मला दुसरं दिलं, आणि त्यावर मला पीएचडी मिळाली. पण ऐक. मी ज्या कंपनीत आहे तिथं आम्ही कूलंट आणि थिनर बनवतो, आणि आमच्या प्रयोगशाळेत घनता मोजायचं मशीन आहे, कॉलेजातल्या त्या खटाऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं. आमचे मॅनेजर नागसेन सर भला माणूस. फावल्या वेळात वापरा म्हणाले. तुझा अर्धा भाग मी मोजते. पहिल्यापासून.

काकू, हे पुढचं तुमच्यासाठी, कारण वाचून तुम्ही दाखवताय असं उमर म्हणाला, आणि तुम्हाला हे कुणी धड सांगितलं नसेल. पन्नास मिली अल्कोहोलात पन्नास मिली अमाइन ओतलं तर शंभर भरत नाही. थोडं कमी भरतं. सांडत नाही की उडून जात नाही. तिघांच्या बाकावर चौघं सरकून बसतात ना, तसे दोन्हीचे कण एकमेकांत दाटीनं बसतात. ही जी घट होते तिला आम्ही म्हणतो अतिरिक्त आकारमान. कमी पडलेल्याला अतिरिक्त म्हणायचं, अशी आमच्या लोकांची अक्कल. वेगवेगळ्या प्रमाणांत मिश्रणं करून घनतेवरून प्रत्येकाची घट काढायची, कागदावर बिंदू मांडायचे, आणि त्या सगळ्यांतून जाणारा वक्र एका समीकरणात बसवायचा. मग न मोजलेल्या प्रमाणाचंही उत्तर आधीच सांगता येतं. कारखान्यातल्या टाक्या, पंप सगळं त्यावर ठरतं.

शेखर सर आमचे दोघींचे गाइड. त्यांनी एकच मिश्रण आम्हाला वाटून दिलं. अल्कोहोल जास्त असलेला अर्धा माझा, अमाइन जास्त असलेला अर्धा हिचा. बरोबर निम्म्या-निम्म्याचं मिश्रण मात्र दोघींनी करायचं, म्हणजे दोन तुकडे मध्यावर जुळतात की नाही ते दिसेल. ते जुळले नाहीत. हिचा तुकडा खाली राहिला. आणि तोही कसा, तर एकही बिंदू इकडेतिकडे नाही. सर म्हणाले, प्रयोगातून असे गुळगुळीत आकडे येत नसतात, हे घरी बसून लिहिलेत. ते जुनं मशीन काही साठवून ठेवत नव्हतं, आकडा बघायचा आणि लिहायचा, त्यामुळे हिच्याकडे पुरावा काय असणार? सगळ्या विभागासमोर झालं ते. तिथं मी एकटीच बोलले. मी म्हणाले, 'चुकीचे असतील सर, पण खोटे नाहीत.'

स्वरूपानं शिक्षण सोडलं, आणि बोलणं तोडलं ते सरांशी नाही, माझ्याशी. कारण मी 'चुकीचे असतील' म्हणाले होते.

काकू, ती आता हे ऐकून तोंड भिंतीकडे करेल. करू दे. वाचत राहा.

जमिला


कुरुळी, ७ एप्रिल

स्वरूपा,

उशीर झाला, ईद होती. शिरखुर्मा पाठवला होता, तुला चालत नसेल तर काकूंनी खायचा. भांडं परत करायची घाई करू नका म्हणावं.

कामाचं म्हणशील तर अमाइनची बाटली यायला वेळ लागला. मग मशीन तपासणीला गेलं होतं. इकडे सध्या गडबड फार आहे, एका मोठ्या कंपनीचे लोक ऑडिटला येणार म्हणून आमच्याकडे भिंतीसुद्धा पुसून घेतायत. चाकणच्या चौकात गाडी अडकली की तासाची निश्चिंती, घरी येईपर्यंत जीव जातो. काही बिंदू घेतलेत, नाही असं नाही. पण चार बिंदूंवरून काय बोलणार? तूच म्हणायचीस ना, अर्धवट आकडे दाखवणं म्हणजे कच्ची भाकरी वाढणं.

उन्हाळा जाणवायला लागलाय. तुमच्याकडे पंखा बरा चालतो ना? उमरला सांगू का बघायला? तो फक्त गाड्याच करतो असं नाही.

तू जेवतेस का काही?

जमिला


कुरुळी, २० एप्रिल

स्वरूपा,

'घनता पाठव. सगळ्या. गप्पा नकोत.' मिळाली चिठ्ठी.

तुला माझं खोटं बोलणं नेहमीच कळायचं. मशीन तपासणीला वगैरे गेलं नव्हतं. माझं काम मार्चमध्येच झालं होतं.

आता सांगते. मी तुझा सगळा अर्धा भाग मोजला. माझ्या जुन्या वक्राला जोडून तो सरळ पुढे गेला, मध्यावर कुठेही उडी नाही. निम्म्या-निम्म्यावर माझी घट तेव्हा वजा एक पूर्णांक शून्य पाच होती, आताही तेवढीच आली. तुझी होती वजा एक पूर्णांक एकोणीस, तुझे सगळे आकडे माझ्या जुन्या वहीत अजून आहेत. मशीन दोनदा पाण्यावर तपासलं. नवी बाटली फोडून पुन्हा केलं. स्वरूपा, तुझे आकडे चुकीचे आहेत.

हे लिहायच्या आधी मी काय केलं तेही सांगते, नाहीतर घशात अडकून राहील. मी एका कागदावर तुझ्या आकड्यांजवळचे आकडे लिहायला घेतले. थोडे वर, थोडे खाली, कुणी म्हणू नये की गुळगुळीत आहेत. तुला पाठवायला. तू वाचशील, सुखानं डोळे मिटशील, यात कुणाचं काय गेलं, असा विचार होता. अर्धा कागद भरल्यावर माझ्या लक्षात आलं की सर तुझ्याबद्दल जे म्हणाले होते, नेमकं तेच मी करतेय. घरी बसून. तुझ्यासाठी. मी कागद फाडला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

खरे आकडे सोबत जोडलेत. काकू, ते वाचून दाखवायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

माझ्यावर जेवढं चिडायचं तेवढं चिड, पण चिडायला तरी उत्तर दे.

जमिला


कुरुळी, ४ मे

स्वरूपा,

तुझं उत्तर नाही. काल काकूंचा फोन आला. तू झोपलेली असताना केला होता, हे तुला सांगू नको म्हणाल्या, पण मी सांगतेय.

'पोरी, ती बोलत न्हाई गं,' म्हणाल्या. 'आकडं मी वाचलं. तिनं ऐकलं. मंग म्हनली, बास. तवापास्नं दूधबी घेईना.' मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, 'तू कशापायी? तू खरं लिवलं. पर मला येक सांग, लेकीनं माझ्या किती जीव ओतला व्हता त्यात. बुधवारी बाटल्या भरून आली की बेस्तरवारी घरात निसती येरझारा घालायची. लाइट कधी येती, शुक्रवार कधी उगवतो. जेवायची न्हाई धड.'

मी फोन ठेवला आणि बोटांवर वार मोजायला लागले.

तुला आठवतं? अचूक वजनकाटा आपल्या विभागात एकच होता, आणि एमएस्सीच्या मुलांच्या प्रॅक्टिकलमधून आपल्याला तो आठवड्यातून एकेक दिवस मिळायचा. आपण चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मी शनिवार उचलला, तू बुधवार. मी शनिवारी सकाळी वजनं करायचे आणि दुपारी मोजून मोकळी व्हायचे. तुझी वजनं होईपर्यंत बुधवारची संध्याकाळ व्हायची. आणि गुरुवारी अख्ख्या पिंपरीत लाइट नसायची. दर गुरुवारी, दुरुस्तीसाठी. तुझ्या बाटल्या शुक्रवारपर्यंत टेबलावर उभ्या असायच्या, त्या पत्र्याखालच्या खोलीत, मे महिन्यात, त्या जुन्या रबरी बुचांनी बंद केलेल्या.

अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं आणि जड होतं, हे तुला आणि मला पाठ होतं. पेपरात दहा मार्कांना लिहिलं होतं आपण. पण बूच लावलं की बाटली बंद झाली असंच आपण दोघी समजत होतो. सरही तेच समजत होते. त्या खोलीत काम करणारा प्रत्येक जण तेच समजायचा.

मला एक करून बघायचंय. मी आता जास्त लिहीत नाही. तू तेवढं दूध घे.

जमिला


कुरुळी, १८ मे

स्वरूपा,

मी तुझी चूक केली. मुद्दाम, जशीच्या तशी.

तसली रबरी बुचं आता मिळत नाहीत. भोसरीत एका जुन्या दुकानदारानं माळ्यावरून काढून दिली. बुधवारी संध्याकाळी नमुने वजन करून भरले. गुरुवारी आमची सुट्टी, प्रयोगशाळेतला एसी मी बंद ठेवायला सांगितला. नागसेन सर म्हणाले, 'मॅडम, नमुने नीट ठेवायला भांडणारे लय बघितले. खराब व्हावेत म्हणून परवानगी मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या.' मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शिफ्टच्या माणसांना दम दिला की गुरुवारी त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. शुक्रवारी सकाळी मी मोजायला बसले.

निम्म्या-निम्म्याला आलं वजा एक पूर्णांक अठरा. त्याच्या पुढचाही तुझ्या आकड्याला लागून. त्याच्या पुढचाही. स्वरूपा, तुझा सगळा तुकडा परत आला. एकाही बिंदूनं साथ सोडली नाही. शेवटचा आकडा मी मोठ्यानं वाचला, आणि पुन्हा वाचला. शेजारच्या टेबलावरच्या पोरानं विचारलं, मॅडम बरं वाटत नाही का?

आणि तुझे आकडे गुळगुळीत का होते तेही कळलं. जेवढं ज्या मिश्रणात हवा खाण्यासारखं होतं, तेवढी त्यानं हवा खाल्ली, तेवढं ते जड झालं आणि तेवढीच घट वाढलेली दिसली. चूकसुद्धा शिस्तीत झाली. शुद्ध अमाइनची बाटलीही तू त्याच रांगेत ठेवायचीस, म्हणून टोकाला शून्य बरोबर आलं आणि कुठे खोट दिसली नाही. सर ज्याला लबाडीची खूण म्हणाले ती तुझ्या नीटनेटकेपणाची खूण होती. तू थोडी गबाळी असतीस तर वाचली असतीस.

तू जे बघितलंस तेच लिहिलंस. हे आता मी नाही म्हणत, मशीन म्हणतंय. बुधवारची ती चिठ्ठी मी उचलली असती तर विभागासमोर मी उभी असते, आणि तू माझ्या बाजूनं बोलली असतीस की नाही, देव जाणे. बहुतेक बोलली असतीस. माझ्यापेक्षा बरं बोलली असतीस.

सरांना फोन केला. निवृत्त झालेत, माणला मुलाकडे असतात. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, 'हो का. इंटरेस्टिंग आहे. पण आता त्याचा काय उपयोग?' मी विचारलं, तुम्ही तिला दोन ओळी लिहाल का? ते म्हणाले, बघतो. त्यांची वाट बघू नकोस.

मी येतेय. तू येऊ नकोस म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. येत्या रविवारी रजा टाकून आकडे घेऊन येते, दारातून हाकललंस तर दारातून वाचून दाखवेन.

जमिला


कुरुळी, ८ जून

स्वरूपा,

हे पत्र उमरकडे द्यायचं नाही. पण तुला लिहायची सवय लागलीय, आणि सांगायचं अजून आहे.

मी आले तेव्हा तू डोळे मिटून पडली होतीस. एवढीशी झाली होतीस. काकू म्हणाल्या, 'औषिदाची गुंगी हाय. पर ऐकतीया ती, तू वाच.' माझं आदल्या रविवारचं पत्र त्यांनी तुला वाचून दाखवलं होतं. मी विचारलं, काही म्हणाली का? त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, दूध मात्र घेतलं.

मी पलंगाशी बसले. तुझा हात धरायचं धाडस झालं नाही, म्हणून कागद धरला. प्रमाण, तुझा आकडा, माझा आकडा, असं वाचत गेले. दुसरं काय बोलायचं मला येतच नव्हतं. येताना बसमध्ये केवढी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही सापडेना. काकू पायाशी बसून पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या. मधेच कुठेतरी माझे डोळे भरले आणि कागदावरचं नीट दिसेना. तुझा एक आकडा मी वाचला, 'वजा शून्य पूर्णांक सत्त्याऐंशी.'

तू म्हणालीस, 'सत्त्याण्णव.'

डोळे मिटलेलेच होते. आवाज खोल गेलेला, पण सुधारणा करताना लागायचा तसाच लागला, थोडा वैतागलेला. मी कागद डोळ्यांजवळ नेला. सत्त्याण्णवच होतं. मी म्हटलं, हो गं, सत्त्याण्णव, चुकलं माझं. मग मी शेवटपर्यंत वाचलं. तू आणखी काही बोलली नाहीस. मी संध्याकाळपर्यंत बसून राहिले, पुन्हा मुद्दाम एक आकडा चुकीचा वाचून बघावा असंही मनात आलं, तुझा आवाज ऐकायला. पण तेवढं मला जमलं नाही.

मंगळवारी सकाळी तू गेलीस. मी पोचले तोवर बायका जमल्या होत्या. काकूंनी मला आत बोलावून तुझ्याजवळ बसवलं. कुणीतरी विचारलं ही कोण, तर म्हणाल्या, हिच्याबरुबर शिकायची ती. मला खूप रडू आलं. सात वर्षं, स्वरूपा. दिघी कुरुळीपासून किती लांब आहे? मला तुझा फार राग येतो अजून. तू नाहीस तर मी तो करू काय?

आज पुन्हा दिघीला गेले होते. घर सामसूम होतं. काकू एकट्याच ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मीही मूठभर पुढ्यात घेतले. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

'येक इचारू का?' म्हणाल्या. 'तुझी समदी पत्रं म्या वाचली, आकडंबी वाचलं. पर मला अडान्याला त्यातलं काय घंटा कळलं न्हाई. ह्या आळीत लोक अजून म्हनत्यात, इमलबाईच्या पोरीनं कायतरी घोळ केला म्हून तिचं शिक्षान सुटलं. तू मला येका शब्दात सांग. माझी लेक बरुबर व्हती का चूक?'

एका शब्दात. आपण दोघींनी मिळून दोन तुकडे मोजले, मी पुन्हा मोजले, मशीन लावलं, समीकरण बसवलं, आणि या बाईला एक शब्द हवा होता. तिच्या तोंडाकडे मला बघवेना. मी तांदळातला खडा शोधत राहिले.

'बरोबर होती, काकू,' मी म्हणाले.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सूप पुन्हा उचललं, आणि तांदूळ पाखडायला लागल्या. आत तुझ्या खोलीचं दार उघडंच होतं. तू असतीस तर मला तिथल्या तिथं अडवलं असतंस. मी दाराकडे तोंड करून वाट पाहिली.

जमिला